हे कोण हसतंय?

या वेळचं पत्र 43 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. ऑफिसात हिशेबाचं काम, घरी नवरा आणि 15 वर्षांचा मुलगा. पत्र चांगलं चार पानी आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

त्या म्हणतात की तसं रडावं असं काही घडलेलं नाही. तब्येती बऱ्या आहेत, नोकरी आहे, घर आहे. पण मधे जुन्या फोनमधले फोटो नव्या फोनवर घेताना त्यांना आठ वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ सापडला. त्यात मुलगा लहान आहे, तो काहीतरी करतोय, आणि फोन धरणारी व्यक्ती इतकी हसतेय की चित्र नुसतं हलतंय. मुलगा शेजारी बसून बघत होता, त्याने विचारलं, "आई, हे कोण हसतंय?" त्या म्हणाल्या, "मी." तो म्हणाला, "खरंच?"

तेव्हापासून त्यांनी हे फार मनावर घेतलंय. फोनवर एक अ‍ॅप टाकलं, ते रोज दुपारी चार वाजता 'स्माइल!' म्हणून आठवण करतं. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला एक वही केली. झोपताना विनोदी व्हिडिओ बघायला लागल्या. दोन महिने झाले, फरक शून्य. वहीत पहिल्या आठवड्यात "लिफ्ट लगेच मिळाली", "आज प्रिंटर अडला नाही" असं काहीबाही लिहिलं, आणि 19 व्या दिवशी "कालप्रमाणेच" लिहून वही मिटली ती मिटलीच. नवरा म्हणतो तुला जोकच कळत नाहीत. चारचौघांत तो यांच्या विसरभोळेपणाचे किस्से रंगवून सांगतो, सगळे हसतात, याही हसतात. त्यांचा प्रश्न असा: "माझ्यात मुळात विनोदबुद्धीच नाही का? की ज्यांच्या वाट्याला मोठं काही आलं नाही त्यांनी हे छोटे छोटे आनंद मानून घ्यायचे असतात, आणि मला तेवढंही जमत नाहीये?"

* * *

अहो, "कालप्रमाणेच"पाशी मी वाचायची थांबले, चष्मा काढला आणि एकटीच हसत बसले. आयुष्यभर वह्या भरणाऱ्या बाईने आनंदाच्या वहीतही शिल्लक पुढे ओढावी तसा कालचा आनंद आज ओढून घेतला आणि खातं बंद केलं, याच्याइतकं मजेशीर मी गेल्या महिन्याभरात काही वाचलं नाही. आणि हे लिहिणाऱ्या बाई मला विचारतायत की माझ्यात विनोदबुद्धी आहे का. तुम्ही ते गमतीत लिहिलं नव्हतं हे मला कळतंय, वैतागून लिहिलं होतं, पण चांगले विनोद बऱ्याचदा वैतागातूनच येतात, त्यामुळे त्या प्रश्नाचा निकाल तुमच्याच वहीने लावलाय असं समजा.

आता हा "जोक कळणं" प्रकार. आपल्या डोक्यात विनोदबुद्धी म्हणजे जोक सांगता येणं किंवा पटकन कळणं असं काहीतरी बसलेलं असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन म्हणून एक अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ होते, ते आणि त्यांचे विद्यार्थी सार्वजनिक जागी लोकांच्या गप्पा गुपचूप ऐकत फिरायचे आणि कोण कशावर हसलं ते टिपून ठेवायचे. (काय नोकरी आहे बघा, मला आवडली असती.) त्यांनी असे 1200 हसण्याचे प्रसंग जमवले, आणि त्यातले फार तर 10 ते 20 टक्के विनोद म्हणावा अशा कशामुळे होते. बाकी सगळं हसू "बरं, निघते मी", "अरे, तू इथे कुठे?" असल्या वाक्यांमागे आलेलं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा माणूसच जास्त हसत होता. आणि त्यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या हसण्याची नोंद ठेवायला लावली तेव्हा असं दिसलं की माणूस अगदी एकटा, टीव्ही-पुस्तकाशिवाय असतो त्यापेक्षा कोणाच्या सोबतीत साधारण 30 पट जास्त हसतो. 30 पट! म्हणजे तुम्ही रात्री झोपताना कानात हेडफोन घालून, शेजारचा जागा होऊ नये म्हणून आवाज दाबून जे विनोदी व्हिडिओ बघता, तिथे हसू नाही आलं तर त्यात तुमचा दोष काय? तुम्ही हसायला नेमकी ती जागा निवडलीत जिथे सोबत हसणारं कोणी नाही.

तुमच्या त्या जुन्या व्हिडिओतही बघा ना, कुणी जोक सांगत नव्हतं. समोर तुमचं पोर होतं आणि तुम्ही पूर्णपणे तिथे होतात.

पण तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे, तो "मानून घ्यायचे" वाला. तो शब्द मला खुपला. मानून घेणं म्हणजे नसलेलं आहे म्हणणं, म्हणजे मनाची समजूत. तुम्ही असं धरून चाललाय की आनंदाची एक मोठी रांग आहे, तिथे ज्यांचा नंबर लागला त्यांना मोठे आनंद मिळाले आणि उरलेल्यांना खिडकी बंद करताना हातावर चिल्लर ठेवली. हे असंच आहे असं पुष्कळांना वाटतं, मलाही एके काळी वाटायचं, पण ते तपासून बघायला हवं.

1978 साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या 22 लोकांना गाठलं आणि त्याच भागातल्या, लॉटरी न लागलेल्या लोकांनाही, आणि विचारलं की रोजच्या साध्या गोष्टींत तुम्हाला किती मजा येते: मित्राशी गप्पा, एखादा मजेदार विनोद ऐकणं, कोणी कौतुक करणं, मासिक चाळणं असल्या. लॉटरीवाल्यांना या गोष्टींत उलट कमी मजा येत होती. अभ्यास लहान होता हे खरं, आणि पुढे स्वीडनमधे खूप मोठा अभ्यास झाला त्यात जिंकलेले लोक आपल्या एकूण आयुष्याबद्दल बरेच वर्षं जास्त समाधानी दिसले, तेव्हा पैशाने काही होत नाही असलं मी तुम्हाला सांगणार नाही, पैसे नसलेल्याला ते सांगणं दुष्टपणा आहे. पण त्या मोठ्या अभ्यासातही एक मजा होतीच, "आयुष्य कसं चाललंय" याचं उत्तर सुधारलं तरी "तुम्ही किती आनंदी आहात" याच्या उत्तरात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे ही दोन वेगळी खाती आहेत. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होत नाही. मोठं काही मिळालं असतं तरी लिफ्ट लगेच मिळाल्याचा आनंद तुम्हाला वेगळाच घ्यावा लागला असता, तेव्हा ती चिल्लर म्हणजे हरलेल्यांचं बक्षीस नव्हे.

"सगळं नीट आहे तरी असं का" असंही तुम्ही दोनदा लिहिलंय, त्यामागे थोडी लाज आहे असं वाटलं. ती सोडा. नीट असलेल्या गोष्टी दिसेनाशा होतात हा आपल्या मेंदूचा स्वभावच आहे, नवीन पंख्याचा आवाज पहिल्या रात्री ऐकू येतो, आठव्या रात्री येत नाही, तसं.

मग ते अ‍ॅप. काढून टाका. आज, आत्ता, हे वाचून झाल्यावर. चार वाजता कोणीतरी "हस!" म्हटल्यावर ज्याला हसू येईल तो माणूस एकतर फोटोग्राफरसमोर आहे किंवा साहेबांसमोर. 1988 मधे एक प्रसिद्ध प्रयोग झाला होता, दातात पेन धरून तोंड हसल्यासारखं ठेवलं की लोकांना कार्टून जास्त मजेशीर वाटतात असा, आणि त्यावरून "नुसतं हसा, आनंद मागून येईल" हा सल्ला जगभर वाटला गेला. 2016 मधे 17 प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला तर तो परिणाम हाती लागला नाही. तुम्हाला चार वाजता हसू येत नाही यात तुम्ही एकट्या नाही आहात एवढंच सांगायचंय.

वहीबद्दल मात्र मी जरा मऊ आहे. वही वाईट नाही, पण रोज नको. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना सहा आठवडे चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना तीनदा. फायदा झाला तो एकदावाल्यांना, तीनदावाल्यांना झाला नाही, बहुतेक कंटाळले असावेत. तुम्ही तर आठवड्यातून सातदा लिहित होतात, रात्री दमून आल्यावर, आणि वर तीन आकडा भरायचा. एवढ्यात गृहपाठच होतो त्याचा.

आणि तुमच्या नोंदी बघा. "लिफ्ट लगेच मिळाली." "प्रिंटर अडला नाही." "झोप लागली." यात तुम्ही कुठेच नाही आहात, आणि दुसरंही कोणी नाही. ह्या सगळ्या त्रास न झाल्याच्या नोंदी आहेत, हिशेब जुळला एवढीच सही. आनंद असा जनरल नसतो हो, त्याला नाक-डोळे असतात.

म्हणजे काय ते सांगते. परवा मी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. फोन बंद पडलेला, चार्जर घरी, टीपॉयवरची मासिकं दोन वर्षं जुनी. त्यामुळे नाइलाज म्हणून मी माणसं बघत होते. समोरच्या सोफ्यावर एक गृहस्थ बूट काढून, पाय वर घेऊन अगदी आरामात बसलेले, त्यांचा फोन वाजला आणि ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "हो हो, निघालोय, रस्त्यातच आहे, ट्रॅफिक काय भयंकर आहे इथे!" आणि तेवढ्यात आमची नजरानजर झाली. मी काही बोलले नाही पण माझं तोंड बोललं असणार, कारण त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी अशी विनवणी केली की बास. मी मान हलवली, सांगत नाही म्हणून. मग ते फोनमधे म्हणाले, "अरे हॉर्न कसला, इथे एक बाई हसतायत."

एवढंच. दीड मिनिटाचा मामला. पण त्या दिवशी दाढ काढली तरी मी घरी हसत आले. फोन चालू असता तर मी मान खाली घालून काहीतरी सरकवत बसले असते आणि तो माणूस माझ्यासमोरून निघून गेला असता. 2010 मधे हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2250 लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर गाठून विचारलं होतं, की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामाशिवाय भलतीकडेच होतं, आणि ते भलतीकडे असताना लोक कमी आनंदी होते. छान काहीतरी मनात घोळत असेल तरीसुद्धा ते हातातल्या गोष्टीत असण्यापेक्षा वरचढ ठरलं नाही. हे वाचून मी स्वतःला बरीच नावं ठेवली होती, कारण माझं मन 47 वर कुठलं थांबतंय.

आता खरी गंमत पुढे आहे. ते दवाखान्यातलं मी घरी येऊन सांगितलं. मग संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगितलं. मग शेजारणीला. आणि तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तो माणूस सोफ्यावर आडवा झाला होता आणि त्याने मोजेही काढले होते. (मोजे काढले नव्हते. पण काढायला हवे होते.) प्रत्येक वेळी मी नव्याने हसले, पहिल्यापेक्षा जास्त. माझं तर आता असं मत झालंय की छोटा आनंद हा घडतो तेव्हा अर्धाच असतो, उरलेला अर्धा सांगण्यात असतो. मोठ्या आनंदाचं तसं नाही, बढती मिळाली की लोक आपणहून विचारतात. पण "आज एक माणूस खोटं बोलताना सापडला" हे कोण विचारणार? ते आपणच घेऊन जावं लागतं, आणि घेऊन जायला कोणीतरी लागतं. तुमच्या चार पानांत मी हे शोधत होते, की ही बाई सांगते कोणाला? अ‍ॅप आहे, वही आहे, हेडफोन आहेत. माणूस दिसला नाही.

आणि इथे मला त्या एका ओळीकडे यायचंय जी तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. नवरा चारचौघांत तुमच्या विसरभोळेपणाचे किस्से सांगतो, सगळे हसतात, तुम्हीही हसता.

तुम्ही हसता म्हणजे काय करता? त्या व्हिडिओतल्यासारखं हसता, का चार वाजताच्या अ‍ॅपसारखं? हे तुम्हालाच माहीत. मी तुमच्या घरात नाही, तुमच्या मिस्टरांना ओळखत नाही, कदाचित ते अगदी प्रेमाने सांगत असतील आणि तुम्हाला खरंच काही वाटत नसेल. तसं असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या. पण रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 मधे विनोदाचे चार प्रकार मांडले होते: एक माणसांना जवळ आणणारा, एक स्वतःला सावरणारा, एक दुसऱ्याला टोचणारा आणि एक स्वतःलाच खाली पाडून लोकांना हसवणारा. पहिले दोन माणसाला धार्जिणे असतात, उरलेले दोन नाहीत. चारही प्रकारांत हसू सारखंच ऐकू येतं, खोलीबाहेरच्या माणसाला फरक कळायचा नाही. खोलीतल्या ज्या एकाला कळतो त्याला मग "तुला जोक कळत नाही" म्हणतात.

ज्या घरात आपणच किस्सा होतो तिथे आपण किस्से घेऊन यायचं हळूहळू बंद करतो. कारण आज काय विसरले, काय गडबड झाली, हे आपण हसत सांगितलं तर ते पुढच्या पाहुण्यांसमोर परत ऐकावं लागणार हे माहीत असतं. मग माणूस आपला जपून राहतो. मला शंका आहे की तुमचं हसू गेलेलं नाही, तुम्ही ते सांभाळून ठेवलंय.

यावर काय करता येईल? गप्प बसणं हा एक मार्ग आहे, तो तुम्ही करून बघितलाच आहे. चारचौघांत टोकणं हा दुसरा, तो मी सहसा सुचवत नाही, कारण तिथे समोरच्याला माघार घेता येत नाही आणि मग तो आणखी एक जोक मारतो. तिसरा म्हणजे एकटे असताना, भांडण चालू नसताना, एकच नेमका किस्सा धरून बोलायचं. "तुम्ही नेहमी माझी चेष्टा करता" असं नाही, त्यावर "नेहमी कुठे" एवढं उत्तर तयारच असतं. "तो चाव्यांचा किस्सा परत सांगू नका, मला त्यात वाईट वाटतं" असं. एक किस्सा, एक वाक्य, विषय बंद. पुष्कळ नवऱ्यांना खरंच कल्पना नसते, बायको हसतेय म्हणजे तिला आवडतंय असं त्यांना वाटत असतं, आणि त्यात त्यांची तरी काय चूक, आपण हसतोच की. आणि "जोक कळत नाही" आलंच, तर "कळला. आवडला नाही" असं शांतपणे म्हणायचं. हे वाक्य कुठल्याही घरात आणि ऑफिसातही चालतं, इतर वाचकांनीही ठेवून द्या जवळ.

एक मात्र आहे, आपल्या माणसाचं हसू होणं म्हणजे दर वेळी टोचणंच असं नाही. माझे वडील शेवटची तीनचार वर्षं कानाने फार अधू झाले होते. एकदा ते आजारी होते, आम्ही सगळे काळजीत, मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय का?" ते म्हणाले, "दार वाजतंय? मग उघड की!" मी परत विचारलं, जोरात. ते चिडले, "अगं मग मला काय सांगतेस, कोण आलंय बघ!" आणि मी खरंच उठून दार उघडून आले. कोणी नव्हतं. परत येऊन सांगितलं, "कोणी नाही." तर म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं."

भावाने आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसून घेतलं. मग दोन दिवसांनी त्यांना जरा बरं वाटल्यावर सगळं कागदावर लिहून दाखवलं, तर सगळ्यात जास्त तेच हसले, आणि पुढे आल्यागेल्याला स्वतःच सांगायला लागले. तो किस्सा त्यांचा झाला. आता ते नाहीत, पण आमच्याकडे कोणी तापाने झोपलं की अजून "दार वाजतंय का?" असंच विचारतात, आणि बरं असलं तर "कोणी नाही" असं उत्तर येतं. सांगायचा मुद्दा, तो किस्सा कोणाच्या हातात आहे याने फरक पडतो. तुमच्या विसरभोळेपणाचे किस्से तुम्ही स्वतः सांगितलेत तर कदाचित मिस्टरांपेक्षा झकास सांगाल, "कालप्रमाणेच" लिहिणारी बाई आहात तुम्ही. फक्त सांगताना स्वतःला मूर्ख ठरवून लोकांना खूश करायचं नाही.

बरं, आता करायचं काय. वही आठवड्यातून एकदा उघडा, वार ठरवू नका, तीनचा आकडाही नको. एकच प्रसंग लिहा पण त्यात माणूस असू दे, आणि एक तरी असा बारकावा असू दे जो दुसऱ्या कोणाच्या वहीत येऊच शकत नाही. प्रिंटर अडला नाही हे लिहू नका, प्रिंटर अडल्यावर शेजारच्या टेबलावरच्यांनी त्याच्याशी कसं गोडीत बोलून बघितलं ते लिहा. विनोदी व्हिडिओ बघायचेच असतील तर मुलासोबत बघा, त्याच्या आवडीचे. तुम्हाला हसू येणार नाही, त्याला का येतंय हे विचारा, तो समजावून सांगेल, आणि 15 वर्षांचा मुलगा आपल्या आईला जोक समजावून सांगतोय हा प्रकार त्या व्हिडिओपेक्षा नक्की मजेशीर असतो.

चालायला जात असाल तर एक करून बघा. व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी वयस्क लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा फक्त 15 मिनिटं चालायला सांगितलं, एका गटाला सांगितलं की नवीन नजरेने, थक्क करणारं काहीतरी बघत चाला, दुसऱ्याला नुसतं चाला. दोघांनाही वाटेत सेल्फी काढायला लावले. पहिल्या गटातल्या लोकांना चालताना जास्त मजा आली आणि रोजच्या जगण्यातला त्रासही कमी वाटायला लागला हे तर झालंच, पण त्यांच्या सेल्फीत त्यांचा स्वतःचा चेहरा आठवड्यागणिक लहान होत गेला आणि मागचं जग जास्त दिसायला लागलं. हसू मात्र रुंद झालं. मला हे इतकं आवडलं की मी माझे जुने सेल्फी काढून बघितले, तर त्यात नुसती माझी हनुवटी.

आणि सांगायला एक माणूस ठरवा. जे वाचक एकटे राहतात त्यांच्यासाठी हे जास्तच. जुनी मैत्रीण, मावसभाऊ, ऑफिसातली कोणी, ज्याला "आज काय झालं माहितीये का" एवढा एक व्हॉइस मेसेज पाठवता येईल. फॉरवर्ड नाही, फॉरवर्ड म्हणजे दुसऱ्याचं हसू तिसऱ्याला पोचवणं, त्यात आपण पोस्टमन. आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं, आपल्या तोंडाने. पहिल्या दोनतीन वेळा कृत्रिम वाटेल, समोरून नुसता अंगठा येईल. चौथ्यांदा तिकडून त्याचं काहीतरी येतं, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून विचारते. आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, झोप किंवा भूक बिघडलीये, सारखं थकल्यासारखं वाटतं, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, आणि हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवड्यांच्या वर चाललंय, असं असेल तर हे वरचं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. नैराश्याची ती नेहमीची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहेत. तिथे छोटे आनंद शोध असं माणसाला सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला फिरून ये म्हणण्यासारखं आहे. जगावंसं वाटत नाही असं कधीही मनात आलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण चार पानांत सगळं कुठे येतं.

आता माझी एक तक्रार. चार पानं लिहिलीत, मुलगा काय म्हणाला ते लिहिलंत, फोन कसा हलत होता ते लिहिलंत, आणि त्या व्हिडिओत तो पोरगा नेमकं काय करत होता हे लिहिलंच नाहीत! "काहीतरी करतोय" म्हणे. मी चार दिवस झाले त्याच विचारात आहे. एक करा, मुलाला जवळ बसवा, तो व्हिडिओ परत लावा, आणि त्याला सगळं सांगा, त्याच्या आधी काय झालं होतं, तुम्ही फोन का काढलात, नंतर काय झालं. त्याला काही आठवत नसणार, तेव्हा पाहिजे तेवढे मोजे काढा. आणि मग मलाही कळवा.